पोटातला आकडा

प्रांजलीने आजवर लाखो पिल्लांना लस दिली होती, पण स्वतःच्या दंडाला लशीची पट्टी चिकटवायची म्हटल्यावर तिला दरदरून घाम फुटला.

आंबेखोरी हे विट्याच्या बाजूचं कोंबड्यांचं गाव. माणसं तीन हजार आणि कोंबड्या तीन लाख, तेव्हा गावात चालतं कुणाचं ते वेगळं सांगायला नको. दोन हजार त्रेचाळीस साल उजाडलं होतं, खाद्य टाकायला यंत्रं आली होती, अंडी वेचायला यंत्रं आली होती. पण पिल्लू सात दिवसांचं झालं की त्याच्या डोळ्यात जो लशीचा थेंब टाकायचा असतो, तो लहान शेडमध्ये अजून हातानेच टाकावा लागे. त्या कामात प्रांजलीचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. डाव्या हातात पिल्लू, उजव्या हातात ड्रॉपर. थेंब पडला, पिल्लाने डोळा मिचकावला, की पुढचं. तासाला आठशे. आजूबाजूच्या गावांतून तिला बोलावणी यायची आणि बाया तिला कौतुकाने ‘लसवाली’ म्हणायच्या. तिलाही ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोला.

आता तिला सातवा महिना लागला होता. पहिलटकरीण. ऑक्टोबर सुरू झाला होता आणि थंडीबरोबर येणाऱ्या फ्लूची धास्ती तिने मनात पक्की धरली होती. त्याला कारण होतं. मागच्या जानेवारीत तासगावला तिच्या भावाचा मुलगा, सात आठवड्यांचा आरुष, फ्लूने आजारी पडला. अकरा दिवस काचेच्या पेटीत होता. दर श्वासाला त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या आणि प्रांजली बाहेर उभी राहून त्या बरगड्या मोजत होती. पोर वाचलं, आता घरभर रांगतंसुद्धा. पण वहिनीने गरोदरपणात लस घेतली नव्हती, ‘पोटात बाळ असताना कशाला’ म्हणून टाळली होती, आणि त्या एका वाक्याची आठवण काढून ती अजून रडते. आपल्या बाळावर ही वेळ येऊ द्यायची नाही, एवढं प्रांजलीने तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

गावच्या आशा सेविका म्हणजे शबानाताई मुल्ला. वीस वर्षं त्यांनी गावातली प्रत्येक पोटुशी बाई अंगणवाडीपासून दवाखान्यापर्यंत पोचवली होती. एक दिवस त्या प्रांजलीकडे दोन वस्तू घेऊन आल्या. एक होतं लसपट्टीचं पाकीट आणि दुसरा नाळवाचक, पोटावर बांधायचा चार बोटं रुंद पट्टा.

“हे बघ,” शबानाताई खाटेवर टेकत म्हणाल्या, “बाळाला सहा महिने पुरे होईपर्यंत फ्लूची लस देता येत नाही. तोवर जे काय द्यायचं ते तू द्यायचं. तुझ्या दंडावर पट्टी लावली, की पंधरा दिवसांत तुझ्या रक्तात प्रतिपिंडं तयार होणार. तापाचा विषाणू आला की त्याला धरणारी. आणि वार, नाळेच्या मुळाशी असते ती, ही प्रतिपिंडं उचलून बाळाकडं पोचवणार.”

“हमालासारखी,” प्रांजली म्हणाली.

“हमालच. आणि शेवटच्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त ओझं वाहते.”

ही वाहतूक पूर्वी डोळ्यांआड चालायची. बाळाला किती पोचलं हे जन्मानंतर नाळेतलं रक्त तपासलं तरच कळे. मग काही वर्षांपूर्वी संशोधकांच्या ध्यानात आलं की वार काम करता करता अतिसूक्ष्म बुडबुडे आईच्या रक्तात सोडत असते आणि पलीकडे काय काय गेलं याच्या खुणा त्या बुडबुड्यांवर असतात. नाळवाचकाच्या आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया होत्या. त्या कातडीखालच्या पाण्यातून हे बुडबुडे वेचत, खुणा वाचत आणि मोबाइलवर एक आकडा दाखवत. चाळीसच्या वर आकडा गेला, की बाळाची पहिल्या काही महिन्यांची सोय झाली असं समजायचं.

यंत्र बनवणाऱ्यांनी सगळ्या गोष्टींचा विचार केला होता, फक्त गावाचा केला नव्हता. आकडा नवऱ्याच्या मोबाइलवर दिसू लागला, तिथून सासूच्या, तिथून नणंदेच्या. पिठाच्या गिरणीत उभ्या असलेल्या बाया एकमेकींना विचारू लागल्या, ‘तुमच्या सुनेचा किती?’ बावन्नवाली ताठ मानेने पीठ घेऊन जायची आणि एकोणतीसवालीच्या सासूला डब्याचं झाकण घट्ट लावण्यात फार वेळ लागायचा. प्रांजलीच्या सासूबाई, उज्ज्वलाबाई, ह्या प्रकाराला मनापासून वैतागल्या होत्या.

“लेकरू जन्माला यायच्या आधीच त्याचा निकाल लावाय लागलेत,” त्या दारात उभं राहून म्हणाल्या. “आन् ही चिकटवाचिकटवी. आमच्या वेळंला सुई टोचायची, रडायचं, घरी यायचं. कुणी आकडा मागत न्हवतं.”

“आत्याबाई, आकडा मागत नाही कुणी. बाळासाठी आहे,” प्रांजली म्हणाली. तिच्या आवाजाला जरा धार आली होती.

शबानाताईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि तिच्या काखेत तापमापक लावला. शंभरच्या वर गेला. दोन दिवस सर्दी होती, त्याचीच कणकण असणार.

“मग आज नको. ताप गेला की तूच लाव, लसवालीला काय शिकवायचं. दंड कोरडा कर, पट्टी दाब, वीस मिनिटं ठेव. पाकीट तोवर नीट जपून ठेव.” त्यांनी पट्टा तिच्या पोटावर बांधला. आकडा आला शून्य. तो यायचाच होता.

तेवढ्यात शेडवरून हर्षवर्धनचा, तिच्या नवऱ्याचा, फोन आला. पिल्लांची गाडी दारात उभी होती. प्रांजलीने पाकीट घेतलं, लस जिथे ठेवायची तिथे ठेवून दिलं आणि ओढणी बांधत शेडकडे निघाली.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. उज्ज्वलाबाईंनी सकाळी सुनेला पाटावर बसवून हातापायांना खोबरेल तेल चोळलं. सातव्या महिन्यापासून रोजचा नेम होता तो. आंघोळ करून प्रांजलीने पाकीट आणलं. पट्टी गारेगार होती. थंड लस पिल्लाला एकदम देऊ नये, हे तिला पाठ होतं. म्हणून तिने ती दोन तळव्यांत धरून ऊब दिली. मग दंड पुसला, श्वास रोखला आणि पट्टी दाबली. टोचल्याचं जाणवलंसुद्धा नाही. वीस मिनिटं ती घड्याळाकडे बघत बसली आणि पोटावर हात ठेवून मनातल्या मनात म्हणाली, घे गं बाई किंवा घे रे बाबा, जे असशील ते. पाकीट कुठे गेलं याकडे तिचं लक्ष नव्हतं.

पंधराव्या दिवशी तिने मोबाइल उघडला. शून्य.

पट्टा सैल असेल म्हणून तिने तो घट्ट केला. शून्य. हर्षवर्धन म्हणाला, “यंत्राला येळ लागत आसंल.” अठराव्या दिवशी शून्य, एकविसाव्या दिवशीही शून्य. शबानाताईंना फोन केला, तर त्यांनी पट्टा मागवून घेतला आणि दुसऱ्या दोन बायांवर लावून बघितला. एकीचा सत्तेचाळीस, एकीचा एकतीस. यंत्र ठणठणीत होतं. “उद्या नवी पट्टी घेऊन येते,” त्या म्हणाल्या, “काळजी करू नको.” काळजी करू नको म्हटल्याने काळजी थांबली असती, तर दवाखाने कधीच बंद पडले असते.

प्रांजली स्वयंपाकघरात उभी राहिली आणि एकेक गोष्ट आठवू लागली. दंड कोरडा कर, असं ताईंनी सांगितलं होतं. त्या सकाळी दंडाला तेल होतं. तेल कुणी चोळलं होतं? आणि ‘चिकटवाचिकटवी’ कोण म्हणालं होतं? माणसाचं मन एकदा ह्या वाटेला लागलं की त्याला थांबा नसतो. आत्याबाईंना लस नकोच होती. आकडा नको होता. म्हणून त्या दिवशी दंडावर नेहमीपेक्षा जास्त वेळ चोळत होत्या. होत्याच.

उज्ज्वलाबाई तेलाची वाटी घेऊन आल्या. “ये, बस. आज कंबर लई दुखत आसंल.”

“नको,” प्रांजली म्हणाली. “तुमच्या तेलानंच लस वाया गेली. तुम्हाला नकोच होती ती, म्हणून मुद्दाम केलंत.”

वाटी हातातच राहिली. “मी?” एवढंच उज्ज्वलाबाई म्हणाल्या. मग वाटी कोनाड्यात ठेवून त्या मागच्या दाराने बाहेर गेल्या आणि शेडच्या भिंतीला टेकून बसल्या. त्यांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. त्या गप्प बसल्या, आणि प्रांजलीने त्या गप्प बसण्याचा अर्थ कबुली असा काढला.

“आई आसं करंल व्हय?” हर्षवर्धनने तिला विचारलं. बाहेर जाऊन तो आईलाही काहीतरी विचारून आला. मग तो खाद्याच्या यंत्राची मोटर खोलून बसला. मोटरला काही झालं नव्हतं.

प्रांजलीने भावाला फोन केला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत होतीच. पंधरा दिवस आधी गेलं तर कोण काय म्हणणार. भाऊ जरा चाचरला. “यायला काही नाही गं, पण आमच्या गल्लीत तापाची साथ आली आहे. यंदा लवकरच आली. घरात आईलाही खोकला आहे.”

“उद्या सकाळी गाडी घेऊन ये,” प्रांजली म्हणाली. रागाच्या भरात माणूस किती सहज आगीत पाय घालायला निघतो, हे तिला तेव्हा दिसत नव्हतं. शून्य आकडा पोटाशी बांधून ती तापाच्या गल्लीत निघाली होती आणि ते ती बाळासाठीच करते आहे, अशी तिची खात्री होती.

सकाळी बॅग दारात होती. भाऊ तासगावहून निघाला होता. शबानाताई स्कूटर लावून आत आल्या, त्यांनी बॅग बघितली, प्रांजलीचा चेहरा बघितला, ओट्याशी पाठ करून उभ्या असलेल्या उज्ज्वलाबाईंना बघितलं आणि काही न विचारता खाट गाठली.

“आधी मला सगळं नीट सांग. पट्टी लावलीस कशी?”

प्रांजलीने सांगितलं. तेलाचं जरा मोठ्याने सांगितलं.

“लावायच्या आधी पुसलंस ना?”

“पुसलं. सुती कापडानं, दोनदा. पण तेल मुरलं असणार.”

“मुरलेल्या तेलानं काही होत नाही. वरचं निघालं की बास. निम्म्या गावाच्या बाया तेल लावतात, त्यांचे आकडे आलेत की.” शबानाताईंनी कपाळाला आठी घातली. “बरं, तीन दिवस पट्टी कुठं ठेवली होतीस?”

“कुठं म्हणजे?” प्रांजलीला प्रश्नच कळला नाही. “लशीच्या डीपफ्रीजमध्ये. वरच्या कप्प्यात, बर्फाच्या पिशव्यांच्या मधोमध. हे म्हणाले अंड्यांचं काहीतरी ठेवायचं आहे, मी झाकणसुद्धा उघडू दिलं नाही.”

शबानाताईंचा पाकीट फोडणारा हात थांबला. “गोठवलीस?”

“मग काय लस उघड्यावर ठेवू?”

“कपाटात ठेवायची होती गं. साड्यांच्या घडीत ठेवली असतीस तरी चाललं असतं.” शबानाताईंनी डोक्याला हात लावला. “पिल्लांची लस जिवंत विषाणूची. तो सुकवलेला असतो, बर्फात झोपून राहतो, डोळ्यात पडला की जागा होतो. तुझ्या पट्टीत जिवंत काहीच नाही. विषाणूचे नुसते तुकडे, साखरेच्या बारीक सुयांत बसवलेले. ते गोठले की बर्फाचे स्फटिक त्यांची घडी विस्कटतात. वितळल्यावर त्यांच्या गुठळ्या होतात, आणि शरीर त्यांना ओळखतच नाही. तू दंडाला वीस मिनिटं साखर लावून बसलीस.”

गावातल्या दुसऱ्या कुठल्याही बाईने ती पट्टी कपाटात, देवाजवळ, उशीखाली, कुठेही ठेवली असती आणि ती चांगली राहिली असती. लस बर्फाबाहेर राहू द्यायची नाही हे ज्या हातांना आठ वर्षं पाठ होतं, त्याच हातांनी ती मारली होती.

“पाकिटावर लिहिलेलं असतं की,” शबानाताई म्हणाल्या. “चित्रसुद्धा असतं. आणि एक पांढरा ठिपका. गोठलं की तो जांभळा होतो.”

“मी पाकीट...” प्रांजली बोलता बोलता अडखळली. “मी पाकीट वाचलंच नाही, ताई.” लाखो पिल्लांना लस दिलेली बाई पाकीट कशाला वाचेल?

“पाकीट हाय की माझ्याकडं,” ओट्याकडून आवाज आला.

उज्ज्वलाबाई आतल्या खोलीत गेल्या आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यांनी तो खाटेवर उघडला. त्यात पहिल्या सोनोग्राफीची चिठ्ठी होती, घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्याला लावलेली. दवाखान्याच्या केसपेपरची झेरॉक्स होती. लोहाच्या गोळ्यांचं पहिलं रिकामं पान होतं. आणि सगळ्यांत वर ते पाकीट होतं. त्यावरचा ठिपका गडद जांभळा होता.

“मला वाटलं, शोभंचा हाय ठिपका,” त्या म्हणाल्या. “लेकराची पैली लस, म्हनून उचलून ठेवलं. मोठं झालं की दावायचं त्याला.”

प्रांजलीने डब्याकडे बघितलं, पाकिटाकडे बघितलं, आणि तिच्याने वर बघवेना. लस नको असणारी बाई असं पाकीट जपून ठेवत नाही, एवढं कळायला तिला एका बिस्किटांच्या डब्याची गरज लागली होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले.

शबानाताई व्यवहारी बाई. रडारडीला त्यांनी वेळच दिला नाही. “झालं ते झालं. बाळाला काही अपाय नाही, तुला काही अपाय नाही. फक्त तीन आठवडे गेले. आता बत्तिसावा आठवडा, अजून वेळ आहे. दंड पुढं कर.”

नवी पट्टी दंडावर बसली. ह्या वेळी बारीक चुरचुरलं आणि त्या चुरचुरीने प्रांजलीला इतकं बरं वाटलं की ती हसली. तिने भावाला फोन करून सांगितलं, “येऊ नको, अर्ध्या वाटेवरून माघारी जा. बाळंतपण इथंच करणार. आईला सांग रागावू नको, खोकला बरा झाला की मग ये म्हणावं.” भावाने इतका मोठा सुस्कारा टाकला की तो खोलीभर ऐकू आला.

शबानाताई गेल्यावर तिने कोनाड्यातली तेलाची वाटी उचलली आणि मागच्या दाराशी गेली. उज्ज्वलाबाई पायरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या.

“आत्याबाई, कंबर दुखते.”

“तेलानं लस मरती म्हनतेत,” उज्ज्वलाबाई मान वर न करता म्हणाल्या.

“चुकले मी. फार वाईट बोलले.” प्रांजलीने वाटी पुढे केली. “तुम्ही मला तिथंच दोन थोबाडीत का नाही दिल्या? नुसत्या गप्प का बसलात?”

उज्ज्वलाबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. “मला खरंच वाटलं गं. वाटलं, माझ्याच तेलानं झालं आसंल. कालपास्नं जीव थाऱ्यावर न्हवता. माझ्या हातानं नातवाचं वाटोळं केलं का काय, म्हनून देवाला हात जोडत बसलेते. आता कुटं श्वास घेतला.” त्यांनी डोळे पदराने पुसले आणि मग त्यांना अचानक हसू फुटलं. “आन् खरं सांगू का? तीस वर्सं कोंबड्यांत काढली मी. तू माझ्याकडं दिली आस्तीस तर मीबी डीपफ्रीजमदीच ठेवली आस्ती.”

दोघी इतक्या हसल्या की प्रांजलीला पोट धरून पायरीवर बसावं लागलं. शेडमधून हर्षवर्धनने डोकं बाहेर काढलं, दोघींना बघितलं, आणि त्याने खोललेली मोटर मुकाट्याने परत जोडायला घेतली.

पंधराव्या दिवशी आकडा आला सहा. सहा हा आकडा एवढा सुंदर असू शकतो हे प्रांजलीला माहीत नव्हतं. मग सतरा, मग एकोणतीस. उज्ज्वलाबाई आता सकाळी उठल्या उठल्या विचारायच्या, “किती झालं गं?” आणि मग स्वतःलाच म्हणायच्या, “न्हाई, मला काय करायचंय आकड्याशी.” गिरणीत मात्र कुणी विचारलं तर त्या ठणकावून सांगायच्या, “बाळ बरं हाय आमचं,” आणि पीठ घेऊन निघायच्या. त्याच्या पुढे एक अक्षर नाही. प्रांजलीला त्यांचं हे फार आवडलं. तिने मोबाइलवरून नणंदेचं नाव काढलं, चुलतसासूचं काढलं. आकडा आता फक्त घरातल्या तिघांना दिसत होता.

नोव्हेंबरच्या शेवटी फ्लू आंबेखोरीत आला. आधी शाळा बंद झाली, मग हर्षवर्धन आजारी पडला. त्याने शेडच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं आणि आई खिडकीतून जेवण देऊ लागली. इतकं करूनही एका सकाळी प्रांजलीच्या अंगात कणकण आली. सदतिसावा आठवडा होता. तिला आरुषच्या बरगड्या दिसू लागल्या. उज्ज्वलाबाईंनी तोंडाला फडकं बांधलं आणि तिला विट्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, बाळाचे ठोके ऐकवले, गोळ्या दिल्या. “फ्लूच आहे, पण सौम्य आहे. लशीनं त्याचे दात पाडलेत,” त्या म्हणाल्या. “पट्टी घेतली नसती, तर नववा महिना बघून तुम्हाला मी आज दाखल करून घेतलं असतं. घरी जा, विश्रांती घ्या.”

दीड दिवसात ताप उतरला. तिसऱ्या दिवशी तिने खाटेवर बसून गरम आमटी-भाकरी खाल्ली आणि मोबाइल उघडला. त्रेचाळीस. तिने तो सासूबाईंपुढे धरला. उज्ज्वलाबाईंनी चष्मा लावला, आकडा वाचला, चष्मा काढला आणि देवापुढे साखर ठेवली. “आकड्यासाठी न्हाई हां,” त्या म्हणाल्या. “तुझा ताप उतरला म्हनून.”

डिसेंबरच्या मध्यावर मुलगी झाली. तीन किलो वजन, डोक्यावर दाट जावळ, आणि रडणं असं की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोंबड्यांच्या गावची शोभते. नाळेतलं रक्त तपासलं तेव्हा नाळवाचकाने सांगितलेलाच आकडा निघाला, एकसष्ट. नाव ठेवलं नभा. प्रांजलीची आई बारशाला आली, भाऊ आला, आणि वहिनीने नभाला मांडीवर घेऊन प्रांजलीच्या कानात सांगितलं, “तू शहाणी गं.” “मी कसली शहाणी,” प्रांजली म्हणाली आणि तिला डीपफ्रीजची सगळी गोष्ट सांगितली. आरुष आजारी पडल्यापासून वहिनी इतकी मोकळेपणी हसलेली प्रांजलीने पाहिली नव्हती.

फेब्रुवारीत साथीची दुसरी लाट आली. घरात उज्ज्वलाबाई खोकू लागल्या आणि आपण होऊन शेडच्या खोलीत राहायला गेल्या. तरी नभाचं नाक वाहू लागलं. प्रांजली दोन दिवस तिच्याजवळून हलली नाही. दर तासाला ती झबलं वर करून बरगड्या बघत होती. बरगड्या जागच्या जागी होत्या. नभा शिंकली, कुरकुरली, पोटभर प्यायली आणि तिसऱ्या दिवशी आईकडे बघून हसली. प्रांजलीने तिला छातीशी धरलं आणि मनसोक्त रडून घेतलं. ते रडणं सुखाचं होतं.

जूनमध्ये नभाला सहा महिने पुरे झाले. आईकडून मिळालेली शिदोरी आता संपत आली होती. पुढची तिची तिने मिळवायची होती. शबानाताई लहान बाळांची बोटभर पट्टी घेऊन घरी आल्या. पाकीट पिशवीतून काढलं तशा उज्ज्वलाबाई पुढे झाल्या.

“बर्फात न्हवती न्हवं ठेवली?”

“नव्हती हो,” शबानाताई हसू दाबत म्हणाल्या. “माझ्या कपाटात होती. साड्यांच्या घडीत.”

“तरीबी. प्रांजल, वाच.”

प्रांजलीने पाकीट हातात घेतलं आणि मोठ्याने वाचलं. नाव वाचलं, तारीख वाचली, कोरड्या जागी ठेवा हे वाचलं, गोठवू नका हे दोनदा वाचलं, आणि अगदी खाली छापखान्याचा पत्ता होता तोही वाचून टाकला. ठिपका पांढराशुभ्र होता. मग तिने स्वतःच्या हाताने पट्टी लेकीच्या मांडीवर दाबली. नभाने पट्टीकडे बघितलं आणि ती ओढायला हात पुढे केला. आजीने तो हात आपल्या मुठीत धरला आणि वीस मिनिटं सोडला नाही.

मग उज्ज्वलाबाईंनी बिस्किटांचा डबा आणला. जांभळ्या ठिपक्याच्या पाकिटाशेजारी पांढऱ्या ठिपक्याचं पाकीट ठेवलं.

“ते जांभळं कशाला ठेवता अजून?” प्रांजली म्हणाली. “टाका की आता.”

“ऱ्हाऊ दे,” उज्ज्वलाबाई झाकण लावत म्हणाल्या. “मोठी झाली की तिला दावायचंय. म्हनावं, तुझ्या आईनं तुला कोंबडीच्या पिल्लागत जपली.”